घट

सोमवारी आण्णा तार मोजून देतात. एक किलो.
काटा काचेच्या पेटीत,
कुणाचा श्वाससुद्धा लागू नये म्हणून.
पुढच्या सोमवारी कड्या परत करायच्या:
नऊशे नव्वद भरले तर चालतं.
दहा ग्रॅम घट मान्य.
चांदी आहे, झिजणारच, एवढं आण्णांनाही कळतं.

या वेळी भरले नऊशे सत्त्याऐंशी.

मी नखं दाखवली, पदर झटकला.
पोरीच्या वेणीत गेलं असंल, म्हणाले,
हसून. वाईट नाहीत स्वभावाने.
मग वहीत लाल शाईने तीन लिहिले
आणि माझी तीन दिवसांची मजुरी
पेटीच्या आतच राहिली.

हुपरीत आमच्या गल्लीची दुपार अशी वाजते:
चिमट्याचा टक्, मग टक्,
मग कुणाची तरी खोकल्याची उबळ,
परत टक्.
उज्जमाक्का उन्हाच्या तुकड्यामागं सरकत जाते,
सकाळी उंबऱ्यात, चार वाजता मोरीपाशी.
सीपीआरला डॉक्टर म्हणाले, बारीक काम बंद करा.
ती म्हणाली, मग जाड काम कुठं मिळतंय
तेवढं चिठ्ठीवर लिवून द्या.

मंगळवारी गटाचा हप्ता.
वसुलीचा पोरगा मोटारसायकल बंदसुद्धा करत नाही.

वर्षातनं दोनदा दस्तगीर झारेकरी येतो,
आमचा केर विकत घेतो.
जाळतो, धुतो, गाळतो, त्यातनं चांदी काढतो.
या खेपेला त्याने केराचा डबा उघडलाच नाही.
उभा राहून जमीन बघत राहिला,
पायाच्या अंगठ्याने फरशीची सांध खरवडली.
"वैनी, ही फरशी उकरू द्या.
नवी घालून देतो, पांढरी,
आणि वर सहा हजार."

सासूबाई खाटेवरनं ऐकत होत्या.
खिडकीखालची एक फरशी जरा खोलगट आहे,
तिथं त्या पस्तीस वर्षं बसल्या.

नऊ पोती माती टेंपोत गेली. मी मोजली.

महिन्याने तो एसटी स्टँडवर दिसला.
किती निघालं, विचारलं.
दस्तगीर खोटं बोलत नाही, म्हणून बोललाच नाही.
एक बोट वर केलं,
मग दुसरं, अर्धं मुडपून.

मी हिशेबात कच्ची. पण हा जमला, येताना, वडापमध्ये.
सासूबाईंच्या मजुरीतनं कापलेलं,
माझ्या मजुरीतनं कापलेलं,
दर सोमवारचं ते लाल शाईतलं
कुठं गेलंच नव्हतं.
त्याच्यावर आम्ही जेवलो,
त्याच्यावर अंथरूण घातलं,
पोरीचा पाळणा त्याच्यावर टेकला होता.
आणि किंमत तर आमचीच कापलेली,
म्हणजे घेतलेलं आम्हीच, रोकडा.
दीड किलो चांदीच्या घरात
माझ्या पायात गिलटाचे पैंजण.

सासूबाईंना सांगितलं.
त्यांनी तळवा फरशीवर फिरवला.
"गार हाय बघ," म्हणाल्या,
आणि बराच वेळ हात उचलला नाही.

परवा आण्णा तातडीची ऑर्डर घेऊन स्वतः आले.
दारात चप्पल काढली, आत बघून खूष झाले.
"झकास! आता सांडलेलं लगेच दिसंल.
मग पुढच्या सोमवारपासनं
घट पाचच धरू या."

पोरगा दारात हप्त्याला ओरडला,
उज्जमाक्काने ऊन संपलं म्हणून चिमटा ठेवला.
मी दिवा लावून केर काढायला घेतला
तर पांढऱ्यावर एक कडी लखलखली,
ज्वारीच्या कण्याएवढी.
ओल्या बोटाने उचलली.
वाटीत टाकायला हात गेला, गेलाही होता.

खिडकीच्या चौकटीत एक सांध
अजून जुनी आहे.